जुन्या एमजीचे नवे वायरिंग

मोटारगाडीतील दिवे, हॉर्न, इग्निशन, पेट्रोलचा विद्युत पंप, वायपर आणि डॅशबोर्डावरील उपकरणे यांना बॅटरीशी व डायनॅमोशी जोडणाऱ्या तारा सुट्या सोडलेल्या नसतात. त्या एका जाड जुडग्यात बांधून, गरज असेल तिथे शाखा काढून, गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलेल्या असतात. या बांधणीला कारखान्याच्या पुस्तकांत लूम किंवा हार्नेस म्हणतात, तर ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या गॅरेजांत नुसते ‘वायरिंग’. जुन्या गाडीच्या पुनरुज्जीवनात मालकाचे लक्ष आणि पैसा प्रथम रंगाकडे, क्रोमकडे आणि इंजिनकडे जातो, कारण ते डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. वायरिंग मात्र गालिच्याखाली आणि डॅशबोर्डामागे दडलेले असल्यामुळे ‘दिवे लागतात ना’ एवढ्या निकषावर तसेच ठेवले जाते. हा निकष अपुरा आहे, आणि काही वेळा तो धोक्याचाही ठरतो. दिवा लागणे म्हणजे परिपथ सुरक्षित असणे नव्हे, आणि पन्नास-सत्तर वर्षे ठिगळे लावत आलेल्या तारांवर नव्या रंगाची गाडी उभी करणे हा खर्चाचा सर्वांत चुकीचा क्रम आहे.

पश्चिम भारतात टिकून राहिलेल्या परदेशी स्पोर्ट्‌स गाड्यांना हा प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावतो, आणि त्याचे कारण औद्योगिक धोरणात आहे. स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर निर्बंध येत गेले. पुढे केवळ सुटे भाग जोडून गाड्या विकणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे जागा उरली नाही, आणि मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्यांची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम थांबवले. त्या सुमारास देशात आलेल्या ज्या थोड्या एमजी, जॅग्वार, ट्रायम्फ गाड्या होत्या, त्यांचे मूळ सुटे भाग मिळणे पुढची कित्येक दशके दुरापास्त झाले. हेडलाइटची तार तुटली तर घरगुती वायरिंगचा तुकडा जोडला गेला, फ्यूज उडाला तर त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळली गेली, डायनॅमोचा कटआउट बिघडला तर ॲम्बॅसॅडरचा किंवा फियाटचा बसवला गेला. त्या काळात गाडी चालू ठेवण्यासाठी हे सारे आवश्यक होते आणि ते करणाऱ्या कारागिरांच्या कल्पकतेला दाद द्यावीच लागते. पण त्यातून तयार झालेले वायरिंग कोणत्याही नकाशाशी जुळत नाही, आणि ज्याचा नकाशा नाही त्याची दुरुस्ती अंदाजानेच होते.

या लेखात उदाहरण म्हणून एमजी टीडी ही दोन आसनी उघडी गाडी घेतली आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत सुमारे ३०,००० टीडी तयार झाल्या. १२५० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, पोलादी चॅसिस आणि ॲश जातीच्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पोलादी पत्रा अशी तिची रचना आहे. विद्युत यंत्रणा १२ व्होल्टची, ल्युकास कंपनीची, आणि आजच्या गाड्यांच्या तुलनेत अतिशय साधी आहे. म्हणूनच वायरिंगची तत्त्वे समजून घेण्यासाठी ही गाडी उत्तम आहे.

ठाणे-कल्याण पट्ट्यात अशा गाडीच्या वायरिंगचे काम होऊ शकते यामागेही एक औद्योगिक इतिहास आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे आधी क्रायस्लर समूहाच्या आणि मग फियाटच्या गाड्या तयार झाल्या, आणि त्यांतील फियाट ११०० हीच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने घराघरांत पोहोचली. याच कंपनीच्या डोंबिवलीजवळील, कल्याण कारखाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पात १९९० च्या दशकात फ्रेंच प्यूजो कंपनीच्या भागीदारीत प्यूजो ३०९ तयार होत असे. कल्याण-शीळ रस्त्याच्या परिसरात प्रीमियर हे नाव मैदानाच्या रूपाने आजही लोकांच्या तोंडी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ मध्ये स्थापना झाल्यावर त्याची पहिली वसाहत ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली, आणि पुढे डोंबिवलीतही औद्योगिक वसाहत आली. डायनॅमो, कटआउट, बायमेटलचा फ्लॅशर आणि काचेचा किंवा चिनी मातीचा फ्यूज या वस्तू ज्यांनी रोज हाताळल्या अशी कारागिरांची एक पिढी या पट्ट्यात पद्मिनीने घडवली. संगणकीय निदानयंत्र लावून दोष शोधणाऱ्या नव्या मेकॅनिकपेक्षा, टेस्ट लॅम्प हातात घेऊन तारेमागून तार तपासणारा हा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन टीडीसारख्या गाडीसाठी कितीतरी अधिक उपयोगाचा आहे.

आता वायरिंग खराब होते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. टीडीच्या काळातील तारेत तांब्याच्या बारीक तंतूंवर रबराचे आवरण असे आणि त्यावर रंगीत सुती धाग्याची वीण. अशा अनेक तारा पुन्हा एका सुती विणीत गुंफून वर लाखेसारखा लेप दिला जाई. रबर मजबूत करण्यासाठी त्यात गंधक मिसळलेले असते. काळ जातो तसे हे रबर कडक होऊन तडकते आणि त्यातील गंधक तांब्याला काळवंडून टाकते. यात कोकणपट्टीच्या हवेची भर पडते. ठाणे परिसरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. या काळात हवा दमटपणाने भरलेली असते, खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचा अंश असतो, आणि सुती वीण हे पाणी टिपकागदाप्रमाणे शोषून धरते. तारेचे टोक उघडे असेल तर तंतूंमधल्या सूक्ष्म फटींतून पाणी केशाकर्षणाने आवरणाच्या आत चढत जाते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी तार सोलल्यावर आतून हिरवी-काळी निघते. मिठातील क्लोराइडमुळे तांब्यावर चढणारा हा हिरवट थर विजेचा वाईट वाहक आहे. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी गाडी वर्षानुवर्षे उभी राहत असेल, तर हवेतील गंधकाची संयुगे हेच काम अधिक वेगाने करतात. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण आणि बदलापूर परिसरात ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या वायरिंगचे दोष लगेच न दिसता नंतर हळूहळू बाहेर पडावेत याचेही कारण आवरणाच्या आत चढलेले हे पाणीच. शिवाय सोसायट्यांच्या पार्किंगमधले उंदीर आणि घुशी पावसाळ्यात बोनेटच्या उबेला येतात आणि तारांची आवरणे कुरतडतात. हा उपद्रव या भागातल्या प्रत्येक गॅरेजला ठाऊक आहे.

या झिजेचा पहिला परिणाम म्हणजे व्होल्टेजची घट. विजेचा प्रवाह कोणत्याही अडथळ्यातून जाताना काही व्होल्टेज तिथेच खर्च होते, आणि हा खर्च म्हणजे प्रवाह गुणिले रोध, हा ओहमचा नियम शाळेतल्या पुस्तकात असतो. टीडीच्या मूळ प्रकारचे ४२ वॉटचे दोन हेडलाइट मिळून १२ व्होल्टला ७ अँपिअर घेतात. बॅटरीपासून दिव्यापर्यंतच्या वाटेत स्विच, डिपर, जोड आणि अर्थ (चॅसिसमधून जाणारी परतीची वाट) असे पाच ठिकाणी प्रत्येकी ०.०४ ओहमचा रोध साचला असेल तर एकूण ०.२ ओहम होतात, आणि ७ अँपिअरला तिथे १.४ व्होल्ट खर्ची पडतात. दिव्याला १०.६ व्होल्टच पोहोचतात. टंगस्टनच्या तंतूचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, तर त्याच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे व्होल्टेज १२ टक्क्यांनी घटले की प्रकाश जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. ‘जुन्या गाडीचे दिवे मंदच असायचे’ ही समजूत बहुतांशी या न मोजलेल्या घटीतून आली आहे. ल्युकासच्या उपकरणांची जगभर जी बदनामी झाली, तिच्यातलाही मोठा वाटा उपकरणांचा नसून गंजलेल्या जोडांचा आणि सैल अर्थचा आहे, असे गणितच सांगते.

दुसरा परिणाम आगीचा. टीडीत दोनच फ्यूज आहेत, आणि ते हॉर्न, वायपर यांसारख्या सहायक उपकरणांचे रक्षण करतात. बॅटरीकडून येणारी मुख्य तार, इग्निशन, पेट्रोल पंप आणि हेडलाइट यांच्यावर फ्यूजच नाही. दिवे एकाएकी विझू नयेत हा त्या काळच्या रचनाकारांचा विचार होता आणि तार नवी असेपर्यंत तो चालून गेला. पण समजा, ३ चौरस मिलिमीटरच्या मुख्य तारेचे आवरण एखाद्या धारदार पत्र्यावर घासून फाटले आणि तांबे चॅसिसला टेकले. बॅटरीचा अंतर्गत रोध, दोन मीटर तार आणि अर्थची वाट मिळून ०.०३ ओहम धरले तरी ४०० अँपिअर वाहू लागतात. त्या दोन मीटर तारेचा स्वतःचा रोध ०.०११ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे तिच्यात सुमारे १,७०० वॉट उष्णता निर्माण होते. इतक्या तारेत तांबे असते जेमतेम ५५ ग्रॅम. त्याचे तापमान दर सेकंदाला ८० अंशांच्या आसपास चढते. तीन-चार सेकंदांत आवरण वितळते, शेजारच्या तारा उघड्या पडून एकमेकींना चिकटतात आणि संपूर्ण जुडगे पेटते. लाकडी सांगाड्याच्या, कातडी आसनांच्या आणि मागे पेट्रोलची टाकी असलेल्या गाडीत पुढे काय होईल हे वेगळे सांगायला नको. जळका वास आल्यावर बोनेट उघडून बॅटरीचे टर्मिनल सैल करण्याइतका वेळ यात मिळत नाही.

म्हणून जिथे रबर तडकू लागले आहे तिथे ठिगळ लावण्यात अर्थ नाही. एक तार बदलताना शेजारच्या दहा तारा वाकवाव्या लागतात आणि वाकताच त्यांचे आवरण गळून पडते. संपूर्ण वायरिंग नव्याने घालणे हाच मार्ग उरतो.

तयार वायरिंग ब्रिटनमधून मागवता येते. तिथे जुन्या गाड्यांसाठी मूळ रंगांप्रमाणे आणि मूळ लांबीप्रमाणे लूम विणून देणारे व्यवसाय आहेत, आणि ज्याला मूळ स्वरूप काटेकोरपणे जपायचे आहे त्याने तो खर्च करावा. मात्र येथल्या अनेक गाड्यांत मधल्या काळात झालेल्या बदलांमुळे तयार वायरिंग जसेच्या तसे बसत नाही, आणि स्थानिक हवेसाठी काही बाबी वेगळ्या निवडाव्या लागतात. म्हणून ते येथेच तयार करणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते, अट एवढीच की ते अंदाजाने न करता नकाशावरून केले पाहिजे.

नकाशा वाचण्याची किल्ली म्हणजे रंग. ब्रिटिश गाड्यांत ल्युकासने रूढ केलेली रंगपद्धत अशी आहे की तारेचा मुख्य रंग परिपथाची जात सांगतो आणि त्यावरची दुसऱ्या रंगाची रेघ त्यातली शाखा सांगते. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून येणारी, किल्ली बंद असतानाही जिवंत असणारी मुख्य तार. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, इग्निशनची. हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून पुढे गेलेली. लाल म्हणजे बाजूचे आणि मागचे छोटे दिवे. निळी म्हणजे हेडलाइट, त्यातही निळ्यावर पांढरी रेघ असेल तर लांबचा झोत आणि लाल रेघ असेल तर डिपरचा जवळचा झोत. काळी म्हणजे अर्थ. एवढे सहा रंग समजले की अर्धा नकाशा वाचता येतो. स्थानिक बाजारात दुरंगी तारा सहज मिळत नाहीत आणि कारागीर हाताला येईल तो रंग वापरून मोकळा होतो. इथे मालकाने आग्रह धरला पाहिजे. दुरंगी तार नाहीच मिळाली तर मुख्य रंग तरी योग्य ठेवून दोन्ही टोकांना क्रमांकाच्या स्लीव्ह चढवाव्यात. सगळ्या तारा लाल आणि काळ्या असलेले वायरिंग आज चालते, पण पुढच्या दोषाच्या वेळी ते पुन्हा सगळे उकलावे लागते.

प्रवाहाची वाटही मनात पक्की असावी. टीडीत बॅटरी बोनेटखाली, इंजिनामागच्या पडद्यापाशी बसते. तिथून एक जाड केबल थेट सेल्फकडे म्हणजे स्टार्टर मोटरकडे जाते. ती शंभर-दोनशे अँपिअर वाहते आणि लूमचा भाग नसते. तिथूनच निघणारी तपकिरी तार डॅशबोर्डावरील ॲमीटरकडे जाते, आणि सेल्फ सोडून गाडीत वापरली जाणारी बॅटरीची सगळी वीज या एका उपकरणातून आत-बाहेर होते. ॲमीटरमागचे दोन पेच म्हणूनच साऱ्या गाडीतले सर्वांत महत्त्वाचे जोड आहेत, आणि पुष्कळ गाड्यांत नेमके तेच सैल सापडतात. पुढे येते नियंत्रण पेटी, जिला मेकॅनिक ‘कटआउट’ म्हणतात. तिच्या आत खरे तर दोन यंत्रे असतात. इंजिन मंद असताना डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी होते आणि बॅटरीची वीज उलटी डायनॅमोत शिरू शकते. ती वाट तोडणारा तो कटआउट. दुसरा असतो रेग्युलेटर, जो डायनॅमोच्या चुंबकीय कुंडलीचा प्रवाह क्षणोक्षणी जोडून-तोडून व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. हा डायनॅमो २० अँपिअरच्या आतलाच आहे. हेडलाइटचे ७, छोट्या दिव्यांचे दोन-अडीच, इग्निशनचे तीन-चार, शिवाय वायपर आणि पंप, अशी बेरीज केली की पावसाळी रात्री हाताशी फारसे काही उरत नाही. त्यात ६० वॉटचे हॅलोजन दिवे बसवले तर बॅटरी हळूहळू रिकामी होत जाते आणि दोष मात्र डायनॅमोला दिला जातो.

तारेची जाडी या हिशेबावरूनच ठरते. मोटारीच्या तारा तंतूंच्या संख्येने ओळखल्या जातात: ०.३० मिमी व्यासाचे १४ तंतू म्हणजे १ चौरस मिमी, आणि ती पावणेनऊ अँपिअरपर्यंत चालते. २८ तंतू म्हणजे २ चौरस मिमी आणि साडेसतरा अँपिअर. ४४ तंतू म्हणजे सुमारे ३ चौरस मिमी आणि साडेसत्तावीस अँपिअर. छोटे दिवे पहिल्या जाडीत, हेडलाइट आणि हॉर्न दुसऱ्या, मुख्य तपकिरी तार तिसऱ्या किंवा त्याहून जाड, असा साधारण हिशेब आहे. घरगुती वायरिंगची एकसंध किंवा जाड तंतूंची तार येथे कधीही वापरू नये, कारण इंजिनाच्या कंपनाने ती काही महिन्यांत आतून तुटते. ठाणे-डोंबिवलीच्या हवेचा विचार करता तांब्याच्या प्रत्येक तंतूवर कथिलाचा मुलामा असलेली तार घ्यावी. नौकांमध्ये हीच वापरतात, कारण मिठाचा अंश तिच्या आत चढला तरी ती सहजी हिरवी पडत नाही. तिची किंमत जास्त असते, पण या कामात तारेचा खर्च मजुरीच्या मानाने लहान असतो आणि तिथे काटकसर करणे योग्य नाही.

बाहेरच्या सुती विणीबद्दल मतभेद आहेत. जुन्या गाडीत चकचकीत प्लॅस्टिकची नळी डोळ्याला खुपते हे खरे, आणि उघड्या बोनेटखाली रंगीत धाग्यांची वीण दिसणे हा टीडीच्या रूपाचाच भाग आहे. वीण घालणारे यंत्र कोकणातल्या गोफासारखे चालते: धाग्यांच्या रिळांचे दोन गट विरुद्ध दिशांनी फिरत एकमेकांना आलटून पालटून आत-बाहेर ओलांडतात आणि मधल्या जुडग्यावर जाळी घट्ट बसत जाते. दमट हवेत सुती धाग्याला बुरशी येते. त्यावर चांगला तोडगा असा की आतल्या तारांना पीव्हीसीचे आवरण ठेवावे, जुडग्याला आधी गोंद नसलेली टेप अर्धी-अर्धी चढवून गुंडाळावी, आणि बोनेटखाली दिसणाऱ्या भागापुरतीच वरून वीण घालून तिला लेप द्यावा. गोंदाची साधी इन्सुलेशन टेप संपूर्ण लांबीवर गुंडाळणे ही सर्वत्र दिसणारी सवय टाळावी. दोन उन्हाळ्यांत तिचा गोंद वितळून वायरिंग चिकट होते आणि त्यावर धूळ बसते.

प्रत्यक्ष बांधणीची सुरुवात जुने वायरिंग काढण्यापासून होते, आणि हे काम सर्वांत सावकाश करावे. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी, प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे, आणि तारा कापून न काढता जुडगे शक्यतो अखंड बाहेर काढावे. चॅसिसच्या पोकळीतून जाणारा भाग ओढताना त्याच्या शेपटाला मजबूत दोरी बांधावी, म्हणजे जुने वायरिंग बाहेर येताच ती दोरी आत राहते आणि तिच्याच मदतीने नवे ओढून घेता येते. काढलेले जुडगे प्लायवूडच्या फळीवर पसरून त्याच्या वळणांवर आणि फाट्यांवर खिळे ठोकावेत. कारखान्यांतही हार्नेस याच रीतीने, आराखड्याच्या फळीवर तयार होतात. नवी तार खिळ्यांमधून फिरवत न्यावी, प्रत्येक टोकाला बोटभर लांबी जास्त ठेवावी, आणि बांधण्यापूर्वी संपूर्ण सांगाडा एकदा गाडीत ठेवून पाहावा. मधल्या काळात जर डायनॅमोची जागा किंवा हॉर्नची बैठक बदलली असेल, तर ती चूक या पायरीवर कळते. बांधल्यानंतर कळली तर सगळे उकलावे लागते.

टोकांच्या जोडणीत क्रिम्पिंग आणि डाग देणे या दोन पद्धती आहेत. क्रिम्पिंगमध्ये थिंबल म्हणजे धातूचे टोक तारेवर दाबयंत्राने इतक्या जोराने आवळतात की तंतू आणि धातू एकजीव होतात. डाग देताना म्हणजे सोल्डर करताना कथिल तंतूंमधून पुढे झिरपते आणि जिथे ते संपते तिथे लवचीक तार एकाएकी कडक होते. कंपनाने ती नेमकी तिथेच तुटते. म्हणून दाबयंत्राने केलेला क्रिम्प बहुतेक ठिकाणी श्रेष्ठ आहे. ब्रिटिश गाड्यांतल्या पितळी गोळीसारख्या टोकांना डाग देण्याची जुनी रीत पाळायची असेल, तर टोकामागे तारेला आधाराची स्लीव्ह द्यावी. साध्या पक्कडीने चेपलेले थिंबल मात्र कोणत्याही पद्धतीत बसत नाही, आणि हवेतला दमटपणा त्या फटीत सर्वांत आधी शिरतो.

गाडीत वायरिंग बसवताना पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबराचा ग्रोमेट हवाच, एक्झॉस्टपासून हातभर अंतर हवे, आणि स्टिअरिंग व पेडल जिथे हलतात तिथे तार कुठेही ताणली जाता कामा नये. पण या टप्प्यावर खरे लक्ष अर्थकडे द्यावे लागते. गाडीत प्रत्येक उपकरणाला जाणारी एकच तार असते आणि परतीचा प्रवाह चॅसिसमधून जातो. म्हणजे निम्मा परिपथ तारेचा नसून पोलादाचा आणि पेचांचा असतो. टीडीचा सांगाडा लाकडी असल्यामुळे डॅशबोर्डापासून चॅसिसपर्यंत धातूची सलग वाट गृहीत धरता येत नाही, आणि नव्याने पावडर कोटिंग केलेल्या गाडीत तर प्रत्येक जोडाखाली न दिसणारे रोधक आवरण असते. चकचकीत रंगवलेल्या गाडीचे दिवे रंगवण्याआधीपेक्षा मंद लागतात ते याच कारणाने. फायबरग्लासच्या गाड्यांत हा प्रश्न टोकाला जातो. रेनोचे इंजिन असलेली सॅन स्टॉर्म किंवा अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सची इसुझू इंजिनाची रोडस्टर यांसारख्या भारतीय स्पोर्ट्‌स गाड्यांत बॉडी वीज वाहतच नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते. टीडीतही हीच पद्धत स्वीकारणे उत्तम: प्रत्येक दिव्यापासून काळी तार आणून चॅसिसवरच्या दोन-तीन ठरावीक, घासून स्वच्छ केलेल्या आणि वरून ग्रीस लावलेल्या बिंदूंवर जोडावी, आणि इंजिन व चॅसिस यांना जोडणारी विणलेली पट्टी नवी घालावी.

टीडीत बॅटरीचे धन टोक चॅसिसला जोडलेले असते. ही उलटी वाटणारी रीत ब्रिटिश गाड्यांत १९६० च्या दशकापर्यंत सर्वसाधारण होती. येथल्या पुष्कळ गाड्यांत ती कुणीतरी मध्येच बदललेली असते, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी ती तपासून कागदावर नोंदवावी. ऋण अर्थ करायचे असेल तर ॲमीटरच्या आणि इग्निशन कॉइलच्या तारा अदलाबदल कराव्या लागतात, आणि डायनॅमोच्या कुंडलीला बॅटरीचा क्षणिक स्पर्श देऊन तिचे चुंबकत्व नव्या दिशेने वळवावे लागते. एलईडी दिवे किंवा मोबाइल चार्जर लावायचा असेल तरच हा बदल सोयीचा. एरवी मूळ रचना ठेवण्यात कोणताही तोटा नाही.

सुरक्षेसाठीची भर मात्र अवश्य घालावी, आणि ती अशी की डोळ्याला दिसू नये. बॅटरीजवळ मुख्य तपकिरी तारेवर एक मोठा फ्यूज, हेडलाइटच्या दोन झोतांना वेगवेगळे फ्यूज, त्यांच्यासाठी रिले, आणि बॅटरी पूर्ण तोडणारा कट-ऑफ स्विच एवढे पुरते. रिले म्हणजे लहान प्रवाहाने चालणारा विद्युतचुंबकीय स्विच. तो घातल्यावर हेडलाइटचा मोठा प्रवाह सत्तर वर्षांच्या नाजूक डॅशबोर्ड स्विचमधून न जाता थेट बॅटरीकडून दिव्याकडे जातो. घोडबंदर रस्त्यासारख्या ठिकाणी हाताच्या इशाऱ्यांवर विसंबून चालत नाही, म्हणून इंडिकेटरही हवेत. अशा दुरुस्तीने गाडीच्या ऐतिहासिक दर्जाला बाधा येईल अशी भीती काहींना वाटते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी जी तरतूद केली, तिच्यात ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेले वाहन अशी व्याख्या आहे. नव्या नोंदणीला राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, तर आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. फ्यूज आणि रिले या तिन्हींपैकी कशालाही हात लावत नाहीत.

बॅटरी जोडण्याआधीची चाचणी घाईने उरकू नये. प्रथम सर्व स्विच बंद ठेवून मल्टीमीटरने मुख्य तार आणि चॅसिस यांच्यातला रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग बॅटरी थेट न जोडता मध्ये २१ वॉटचा एक दिवा मालिकेत जोडावा. शॉर्ट असेल तर हा दिवा पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरवरच अडतो, त्यामुळे काहीही जळत नाही. शॉर्ट नसेल तर तो विझलेला राहतो. यानंतर ५ अँपिअरचा फ्यूज घालून एकेक परिपथ चालू करावा, आणि शेवटी मूळ फ्यूज बसवावेत. सगळे चालू झाल्यावर प्रत्येक दिव्यापाशी व्होल्टेजची घट मोजावी: बॅटरीच्या जिवंत टोकापासून दिव्याच्या टोकापर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी आणि दिव्याच्या बैठकीपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत, दिवा पेटलेला असताना. हे आकडे नकाशाच्या प्रतीवर त्या त्या तारेशेजारी तारखेसह लिहून ठेवावेत आणि पहिला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, तीच मापे पुन्हा घ्यावीत. एखाद्या ठिकाणी अर्थची घट ०.१ वरून ०.३ वर गेली असेल तर तार बदलू नये. तेवढा एक पेच उघडून, धातू घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळावा आणि नवा आकडा जुन्याखाली लिहावा.